एक्सएस मापाची रोड बाइक शोधताना

माझी उंची १५८ सेंटिमीटर. रोड बाइकच्या मापांच्या तक्त्यात ही उंची डावीकडच्या पहिल्या रकान्यात बसते. कुणी त्या मापाला एक्सएस म्हणतं, कुणी ४७, कुणी ४९. सायकलींची परीक्षणं मात्र जवळपास सगळी ५४ किंवा ५६ मापावर बसून लिहिलेली असतात. त्यामुळे अमुक सायकल वळणात चपळ आहे असं वाचलं की मी आधी लिहिणाऱ्याची उंची शोधते. ही खोड मला नवी सायकल घेताना लागली आणि अजून गेलेली नाही.

त्याआधी माझ्याकडे हायब्रिड होती. सरळ हँडल, ३५ मिमीचे टायर, कोथरूडहून शिवाजीनगरला ऑफिसला जायला उत्तम, रविवारी फार तर खडकवासला. मग सायकलच्या ग्रुपमधल्या पोरांनी बीआरएमचं खूळ डोक्यात घातलं. बीआरएम म्हणजे शर्यत नव्हे. ठरलेलं अंतर ठरलेल्या वेळात पुरं करायचं, पहिला-दुसरा नंबर कुणाचाच नाही. २०० किलोमीटरला साडेतेरा तास मिळतात. हायब्रिडवरही लोक करतात, पण त्याच सुमारास एक मैत्रीण वर्षभरासाठी परदेशी गेली आणि तिची रेस बाइक माझ्या घरी ठेवून गेली. ५१ माप, २५ मिमीचे टायर, हँडल सीटपेक्षा चांगलं खाली.

त्या सायकलने मला दोन गोष्टी दिल्या. पहिली म्हणजे बोपदेव घाटाचा उतार. नजर वळणाच्या बाहेर पडायच्या जागेवर ठेवली की सायकल आपोआप तिकडे जाते, वळणाच्या मध्यात खड्डा दिसला तरी रेष बदलता येते, हा अनुभव हायब्रिडवर कधी आला नव्हता. दुसरी म्हणजे साठ-सत्तर किलोमीटरनंतर बधिर होणारी करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट. फिजिओथेरपिस्ट म्हणाल्या की तळहाताच्या बुडाशी अल्नर नावाची नस आहे, ती दबते. कोपर ताणलेले, वजन हातांवर, त्यात रस्त्याचा मार. बोटांचे व्यायाम देऊन त्या वर म्हणाल्या, "सायकल तुमच्या मापाची आहे का, ते आधी बघा."

नव्हतीच. पण मापाची सायकल म्हणजे नेमकी कशी?

दुकानात याचं उत्तर तयार असतं. मान-पाठ-हात दुखतात म्हटलं की, "मॅडम, एन्ड्युरन्स घ्या, आरामात बसाल." आणि वळणाचं विचारलं की, "मग रेस घ्या, पण त्रास होणार." आराम एका खांबावर, चपळपणा दुसऱ्यावर, आणि मधे कुठे उभं राहायचं ते आपण ठरवायचं, असा सगळा मामला. मला ही विभागणी सुरुवातीपासून खटकत होती, कारण मैत्रिणीच्या सायकलवर जे दुखत होतं आणि जे आवडत होतं, ते एकाच कारणाने होतंय असं काही वाटत नव्हतं.

या एन्ड्युरन्स, म्हणजे लांब पल्ल्यासाठी जरा ताठ बसवणाऱ्या प्रकाराचा इतिहास थोडा वाचला. स्पेशलाइज्डची रूबे २००४ ची. नाव उत्तर फ्रान्सच्या पॅरिस–रूबे शर्यतीवरून, जिथे दगडी फरसबंदीच्या रस्त्यांवरून खेळाडू हाडं खिळखिळी करून घेतात. ट्रेकची डोमाने २०१२ मध्ये आली. तिच्यात सीटची नळी वरच्या नळीपासून सुटी करून सांध्यावर बसवली होती, म्हणजे धक्का बसला की सीट जरा मागे झुकते. फॅबियन कॅन्सेलाराने २०१३ मध्ये फ्लँडर्स आणि रूबे या दोन्ही शर्यती डोमानेवर जिंकल्या. मला त्यातली मजेशीर गोष्ट ही वाटली की त्याची डोमाने दुकानातल्या डोमानेसारखी नव्हती. सांधा तोच, पण पुढची बाजू बरीच खाली, बसायची ढब रेसची. म्हणजे धक्के सोसणं ही एक गोष्ट, कसं बसायचं ही दुसरी, आणि सायकल कशी वळते ही तिसरी. कंपन्या या तिन्ही एका गाठोड्यात बांधून विकतात. गाठोडं सोडून बघायला हवं होतं.

आमच्याकडे फरसबंदी नाही, पण पेव्हर ब्लॉक आहेत, काँक्रीटच्या रस्त्यांचे सांधे आहेत, उड्डाणपुलांवरच्या लोखंडी पट्ट्या आहेत आणि रम्बलर आहेत. रम्बलर ज्याने शोधले त्याला एकदा २५ मिमीच्या टायरवर, ११० पीएसआय हवा भरून, चालवायला बसवलं पाहिजे.

मापं घ्यायला सुरुवात घरीच केली. भिंतीला पाठ लावून, जाड पुस्तक मांड्यांमध्ये घट्ट धरून पायाची आतली लांबी मोजली: ७२ सेंटिमीटर. तिला ०.८८३ ने गुणलं की सीटच्या उंचीचा अंदाज येतो, क्रँकच्या (पेडलं ज्या दांड्यांवर असतात त्यांच्या) मधल्या बिंदूपासून सीटच्या माथ्यापर्यंत. माझा आला साडेत्रेसष्टच्या आसपास. हा फक्त अंदाज, पण सुरुवात करायला पुरतो. मग स्टॅक आणि रीच. क्रँकच्या मधल्या बिंदूपासून सरळ वर किती आणि सरळ पुढे किती गेलं म्हणजे हँडलच्या मुळाशी, फ्रेमच्या नळीच्या तोंडाशी, पोचतो, ते हे दोन आकडे. कंपनी आपल्या मापाला एक्सएस म्हणो किंवा ४९, हे दोन आकडे खोटं बोलत नाहीत. मैत्रिणीच्या सायकलचा रीच ३८२ मिमी होता. माझ्या धडाच्या आणि हातांच्या लांबीला ३६५ च्या आसपास हवा होता. स्टॅक तिचा ५१८, मला ५३० तरी हवा होता.

आता सोपा उपाय कुणीही सुचवेल, आणि ग्रुपवर सुचवलाही: हँडलखाली स्पेसर, म्हणजे चकत्या, घाला, हँडल धरणारा स्टेम उलटा करून वर वळवा, काम झालं. होतंही थोडंफार. हेड ट्यूब, म्हणजे हँडल ज्यात बसतं ती पुढची नळी, तिरकी असल्यामुळे स्पेसर घालून हँडल १० मिमी वर नेलं की ते साधारण ३ मिमी जवळही येतं. पण शरीर मागे झुकवून हातांवरचं वजन कमी केलं की पुढच्या चाकावरचंही वजन कमी होतं, आणि उतारावर वळताना पुढचं चाक हलकं लागायला लागतं. मला तर तिथेच पकड हवी होती.

इथवर माझा हिशेब सरळ होता: आपल्या मापाची, म्हणजे एक्सएस रेस बाइक घ्यायची आणि जाड टायर टाकायचे. त्या वेळी ग्रुपमधल्या एका मेकॅनिकल इंजिनिअरने मला ट्रेलचं गणित समजावलं आणि सगळं पारडं फिरलं.

सुपरमार्केटमधल्या ट्रॉलीचं पुढचं चाक आठवा. ते ज्या दांड्यावर फिरतं त्याच्या जरा मागे जमिनीला टेकतं, म्हणून ट्रॉली ढकलली की आपसूक सरळ होतं. सायकलचंही तसंच. हँडलची तिरकी नळी खाली जमिनीपर्यंत लांबवली तर ती जिथे टेकेल, त्याच्या मागे चाक टेकतं. या दोन बिंदूंमधलं अंतर म्हणजे ट्रेल. ट्रेल जास्त तर सायकल सरळ जायचा हट्ट धरते, कमी तर चटकन वळते. तो तीन गोष्टींवर ठरतो: हेड ट्यूबचा कोन, पुढचं चाक धरणारा फोर्क पुढे किती काढला आहे तो ऑफसेट, आणि चाकाची त्रिज्या. कोन जितका उभा आणि ऑफसेट जितका जास्त, तितका ट्रेल कमी.

छोट्या सायकलची अडचण अशी की फ्रेम लहान होते, चाक मात्र तेवढंच राहतं. ७०० सी चाकाची रिम १५८ सेंटिमीटरच्या बाईला आणि १९० च्या पुरुषाला एकच. फ्रेम आखूड केली की पुढचं चाक पायाच्या बोटांजवळ येतं आणि हळू वळताना बूट टायरला घासतो. ते टाळायला कंपन्या लहान मापात हेड ट्यूब आडवी करतात, म्हणजे चाक पुढे सरकतं. मोठ्या मापात जो कोन ७३ अंशांच्या वर असतो तो एक्सएसमध्ये ७१ किंवा त्याहून खाली येतो. फोर्क मात्र बऱ्याचदा सगळ्या मापांना एकच, कारण वेगळ्या ऑफसेटच्या फोर्कला वेगळा साचा लागतो आणि साच्याला पैसे लागतात.

त्याने कागदावर मांडून दाखवलं. २८ मिमीच्या टायरवर, ४३ मिमी ऑफसेटचा फोर्क धरला तर ५६ मापाच्या रेस बाइकचा ७३.३ अंशांचा कोन ५७ मिमी ट्रेल देतो. त्याच मॉडेलचं एक्सएस, ७१ अंश: ७१ मिमी. नाव एक, रंग एक, जाहिरातीतलं वाक्य एक, आणि वळायचा स्वभाव पार वेगळा. मैत्रिणीच्या ५१ मापाच्या सायकलचा कोन ७२.५ होता, तिचा ट्रेल ६१ च्या आसपास. म्हणजे मला आवडलेली सायकल चपळ होती ती अंशतः माझ्यापेक्षा मोठ्या मापाची होती म्हणून. मी इमानदारीत माझ्या मापावर उतरले असते तर बोटं वाचली असती आणि बोपदेव गेला असता.

"काकू, तुम्हाला एक्सएसमध्ये वेगळा फोर्क देणारी सायकल शोधायला हवी," तो म्हणाला.

शोधणं एक, चालवून बघणं दुसरं. पुण्यात दुकानं भरपूर, पण शोरूममध्ये चालवायला ठेवलेली सायकल एम किंवा एल. एक्सएस बहुतेक ठिकाणी मागणी आणि आगाऊ रक्कम आल्यावरच मागवतात. एका दुकानातला मुलगा एम मापाची सीट पार खाली घालून मला म्हणाला, "गल्लीत एक चक्कर मारा, अंदाज येईल." गल्लीत कुठलीही नवी सायकल चांगलीच वाटते. चेन गुळगुळीत, ब्रेक ताजे, आणि दोन मिनिटांत कुणाचंही बोट बधिर होत नाही.

म्हणून मग सायकल चालवणाऱ्या बायकांना गाठलं. आमच्या ग्रुपमध्ये आणि ओळखीच्या दोन ग्रुपमध्ये मिळून माझ्या उंचीच्या, रोड बाइक असलेल्या तीन जणी निघाल्या. तिघीही तयार झाल्या, उलट त्यांनाही एकमेकींच्या सायकली चालवून बघायच्या होत्या. रविवारी पहाटे भेटायचं, आपापली पेडलं काढून दुसरीच्या सायकलला लावायची. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात हे माहीत नसलेली व्यक्ती तिथे पान्यावर उभी राहून जोर लावते, आणि मग बाकीच्या तिला हसतात.

पहिल्या वेळी गोंधळच झाला. एका सायकलवर २५ मिमीचे टायर, एकीवर २८, एकीवर ३२, प्रत्येकीची हवा वेगळी. तीन सायकली चालवून मी जे काय टिपून आणलं ते इंजिनिअरने वाचलं आणि म्हणाला, "तुम्ही टायर तपासून आलात, सायकल नाही." मग त्यानेच त्याची २८ मिमीची चाकांची जोडी दिली. तिन्ही सायकली डिस्क ब्रेकच्या, एक्सल सारखे, कॅसेट जुळणारी, त्यामुळे एकच जोडी तिन्हींवर चढवता आली. रोटर एखाद्या ठिकाणी जरा घासत होता, चालवायला हरकत नव्हती. हवा प्रत्येक वेळी सारखी. तेव्हा कुठे फरक दिसायला लागला.

रस्तेही ठरवून घेतले. सिंहगड रस्त्यावरचा एक खडबडीत तुकडा धक्क्यांसाठी. गोळेवाडीपासून सिंहगडाचा चढ, कारण तिथे वेग ताशी सात-आठवर येतो आणि हळू चालणारी सायकल किती डोलते ते कळतं. आणि बोपदेवचा उतार, गाड्यांची गर्दी व्हायच्या आत.

पहिली सायकल रेसची, कार्बन, वर सांगितलेल्या ७१ मिमी ट्रेलची. स्टॅक ५०५. चढावर ती मला हैराण करायची. ट्रेल जास्त आणि कोन आडवा असला की हळू वेगात हँडल जरासं वळलं तरी चाक त्याच बाजूला पडायला बघतं, मग आपण दुरुस्त करतो, मग ते दुसरीकडे पडतं. दमलेल्या माणसाला हे नको असतं. उतारावर मात्र तिची पुढची पकड घट्ट होती, कारण मी जवळजवळ पुढच्या चाकावर लोंबकळत होते. फक्त वळणात शिरवताना तिला ढकलावं लागायचं. उजवीकडे वळायचं तर उजवा हात हँडलवर दाबायचा, सायकल उजवीकडे झुकते आणि वळते, ही क्रिया आपण नकळत करतो. या सायकलवर ती मला जाणवत होती, आणि जाणवायला नको होती.

दुसरी एन्ड्युरन्स, ॲल्युमिनियमची. कोन ७०.५, ऑफसेट ४८, ट्रेल ६९. स्टॅक ५४०, व्हीलबेस (दोन चाकांमधलं अंतर) तिघींमध्ये सर्वांत लांब. गंमत बघा, रेसवालीपेक्षा हिचा ट्रेल दोन मिमीने कमीच. तरीही बोपदेवला ती सुस्त वाटली, आणि त्या दिवशी मला कळलं की ट्रेल हा एकच आकडा घेऊन बसण्यात अर्थ नाही. क्रँकपासून मागच्या चाकापर्यंतची नळी, म्हणजे चेनस्टे, लांब, व्हीलबेस लांब, मी ताठ बसलेली. वळणाच्या मध्यात रेष आवळायची म्हटलं तर पुढचं चाक बाहेर पळतंय असं वाटायचं. खडबडीत रस्त्यावर झकास. तिची मालकीण तिच्यावर सहाशे किलोमीटरची बीआरएम करून आली आहे आणि तिला दुसरी सायकल नको आहे. तिच्या जागी ते बरोबरच आहे. रात्री तीन वाजता झोपेत हँडल धरलेलं असताना सरळ जाणारी सायकल कुणाला नको असेल?

तिसरी सिंहगड रोडला राहणाऱ्या एका डॉक्टरीणबाईंची. तीही एन्ड्युरन्स म्हणूनच विकली जाते, पण लहान दोन मापांना वेगळा फोर्क, ऑफसेट ५३. कोन ७१.५. ट्रेल ५८ च्या आत. स्टॅक ५३०, रीच ३६६, मागचा चेनस्टे ४१५. या सायकलबद्दल मी फारसं टिपूनच घेतलं नाही, कारण पहिल्याच वळणाला काम झालं होतं. चढावर डोलणं कमी, उतारावर ढकलाढकली नाही, आणि हँडल पुरेसं वर असूनही मी पुढे होते, कारण रीच माझ्या मापाचा होता, स्पेसरने पळवून आणलेला नव्हता. ऑफसेट जास्त असण्याचा आणखी एक फायदा म्हणजे चाक थोडं पुढे जातं, त्यामुळे बुटाला जागा मिळते. कोन न पाडता पायाची बोटं वाचवायचा हा मार्ग कंपन्यांना माहीत नाही असं नाही.

डॉक्टरीणबाईंची सायकल कार्बनची होती, माझ्या खिशाबाहेरची. त्याच मॉडेलची ॲल्युमिनियम फ्रेम, कार्बन फोर्कची, दीड लाखाच्या थोडी वर मिळत होती आणि भूमिती आकड्यागणिक तीच. कार्बन फ्रेम जास्त आरामदायक असं सगळे म्हणतात. माझा त्यावर फार विश्वास बसला नाही. धक्का आधी टायरमध्ये जिरतो, मग सीटखालच्या, बाहेर निघालेल्या दांड्यामध्ये, म्हणजे सीटपोस्टमध्ये आणि हँडलमध्ये. फ्रेमच्या दोन त्रिकोणांना उभ्या दिशेत वाकायला जागाच फारशी नसते. म्हणून पैसे फ्रेमला न देता २७.२ मिमीचा कार्बन सीटपोस्ट घेतला. वजन साडेनऊ किलोच्या आसपास गेलं. मी ५८ किलोची, त्यात पाण्याच्या दोन बाटल्या, चिक्की, ट्यूब, पंप. अर्ध्या किलोवरून झोप उडवण्यात अर्थ नव्हता.

एक्सएस यायला महिने लागले. दुकानदार दर वेळी "पुढच्या लॉटमध्ये" म्हणायचा, मधे एकदा तर एस मापाची आहे, घेऊन जा, फरक कळत नाही, असंही म्हणाला. मला तोवर फरक इतका कळला होता की त्यालाच कागद काढून दाखवायचा मोह झाला.

सायकल आल्यावर फिटिंगला वेळ घेतला. हँडल ४० सेंटिमीटरचं आलं होतं, माझे खांदे अरुंद, ते बदलून ३८ चं लावलं. क्रँक १७० मिमीचा, तो दुकानातच १६५ ला बदलून घेतला. आखूड पायांना मोठा क्रँक म्हणजे प्रत्येक फेरीत गुडघा छातीकडे. स्टेम ८० मिमीचा, तो ठेवला. गिअर पुढे ५०-३४, मागे ११ ते ३४, म्हणजे सर्वांत हलक्या गिअरला पेडलच्या एका फेरीत चाकाचीही एकच फेरी. सिंहगडाला तो लागतो, लाजायचं कारण नाही.

एक गोष्ट मात्र प्रत्येक लहान हाताच्या माणसाने करून घ्यावी, फुकट होते. ब्रेकच्या दांडीत एक छोटा स्क्रू असतो, तो फिरवला की दांडी हँडलच्या जवळ येते. कारखान्यातून ती मोठ्या हाताच्या हिशेबाने लांब ठेवलेली येते. मैत्रिणीच्या सायकलवर मी घाटात दोन बोटांच्या टोकांनी ब्रेक ओढत असे आणि त्या ताणाने मनगटं आखडत. नव्या सायकलवर दांडी जवळ घेतली, आता खालच्या वाकात हात धरून एका बोटानेही ब्रेक लागतो. उतारावरचा निम्मा धीर त्या स्क्रूतून आला असं म्हटलं तरी चालेल.

टायरचं प्रकरण शेवटी ठेवलं होतं, कारण ते सर्वांत स्वस्तात बदलता येतं. सायकलवर २८ आले होते, फ्रेममध्ये ३४ पर्यंत जागा. मी ३२ टाकले. जाड टायर जड म्हणून मंद, हा समज आमच्या ग्रुपमधल्या ज्येष्ठांमध्ये अजून पक्का आहे. गुळगुळीत लोखंडी रूळावर कडक टायर जोरात पळतो हे खरं. खडबडीत डांबरावर मात्र कडक टायर उड्या मारतो, प्रत्येक उडीत पुढे जायची ताकद वर उडवण्यात आणि आपलं अंग हलवण्यात जाते. मऊ टायर खडा गिळतो आणि पुढे जातो.

पण इथेही चपळपणाची किंमत मोजावी लागते, जाहिरातीत ती कुणी लिहीत नाही. ३२ मुळे चाकाची त्रिज्या ४ मिमीने वाढते, ट्रेल सव्वा मिमीने. ते सोडून देऊ. खरा फरक हवेचा. हवा कमी केली की टायरचा जमिनीला टेकलेला भाग मोठा होतो आणि हँडल फिरवायला जड लागतं. आणखी कमी केली तर वळणात टायर कडेला लोळल्यासारखा होतो, सायकल उशिरा उत्तर देते. मी ६० पीएसआयला सुरुवात केली आणि दर वेळी दोन-दोनने उतरत गेले. रस्ता तोच, बोपदेव तोच. पुढे ४५ च्या खाली गेल्यावर वळणातला नेमकेपणा गेला. ६० ला रम्बलर हातात यायचे. आता पुढे ४८, मागे ५२ वर थांबले आहे. माझ्या वजनाला हे जमतं. ऐंशी किलोच्या माणसाने हे आकडे उचलले तर खड्ड्यात रिम आपटेल. पायपंपावरच्या काट्यावर विसंबू नका. माझ्या आणि शेजारच्यांच्या पंपात एकाच टायरवर ६ पीएसआयचा फरक निघाला, म्हणून वेगळा डिजिटल गेज घेतला.

या सायकलवर दोनशेची बीआरएम वेळेत झाली. करंगळी दीडशेनंतर जरा मुंग्यांची आठवण करून देते, तेव्हा हात ब्रेकच्या मुठींवरून वरच्या सरळ भागावर घेते. सीटचा प्रश्न अजून सुटलेला नाही. त्यावर लिहायचं तर वेगळं लिहावं लागेल आणि ते सगळ्यांना वाचायला आवडणार नाही. हळू वेगात पूर्ण वळताना बूट टायरला अगदी निसटता लागतो, तेव्हा वळणाच्या बाहेरच्या बाजूचं पेडल मागे ठेवायचं, एवढंच. घाटात हँडल इतकं कधी वळतच नाही, त्यामुळे तिथे तो प्रश्न येत नाही.

गेल्या महिन्यात ग्रुपमध्ये आलेली एक मुलगी १५० सेंटिमीटरची आहे. तिने माझा मापांचा कागद मागून घेतला आणि दोन दिवसांनी फोन केला, "ताई, यात माझा रकानाच नाही." खरंच नाही. तिच्या मापात ७०० सी चाक ठेवलं तर कोन कितीही पाडा, फोर्क कितीही पुढे काढा, काहीतरी बिघडतंच. काही मोजक्या कंपन्या सर्वांत लहान मापाला ६५० बी चाक देतात, रिमचा व्यास ६२२ ऐवजी ५८४. चाक लहान झालं की ट्रेल आपोआप उतरतो, कोन उभा ठेवता येतो, बुटालाही जागा राहते. पण अशी सायकल इथल्या दुकानात अजून दिसलेली नाही, आणि त्या मापाचे चांगले, बारीक खाचांचे टायर पंक्चर झाल्यावर कुठे मिळतील हा पुढचा प्रश्न. तिला सध्या मागवलेल्या फ्रेमला वेगळी चाकं जोडून बघायचा विचार पटतोय, इंजिनिअरला तो पटत नाही, कारण चाक लहान केलं की क्रँक जमिनीच्या जवळ येतो आणि वळणात पेडल टेकायची भीती. येत्या रविवारी ती माझी सायकल, सीट पार खाली करून, बोपदेवला चालवणार आहे. त्याने तिला १६५ चा क्रँक घेऊन टेकण्याचा कोन मोजून दाखवायचं कबूल केलंय, तेव्हा टेप तो आणेल आणि पेडल काढायचा १५ चा पाना मी.